पोर्टऑडिओ आणि साउंडडिव्हाइस: विंडोज, मॅक आणि लिनक्सवर इन्स्टॉल करताना नेमके कुठे अडते?

खर्ज (धागाकर्ता)

गायनाच्या रियाजासाठी मी हौसेने छोटे छोटे प्रोग्राम लिहितो. त्यांपैकी एक प्रोग्राम मायक्रोफोनमधून येणारा आवाज ऐकून तो सूर पेटीवरच्या काळी एकच्या जवळ आहे की पांढरी दोनच्या, आणि किती चढा किंवा उतरा आहे, ते पडद्यावर दाखवतो. प्रोग्राम पायथनमध्ये दीडशे ओळींचा आहे. ज्या मित्रांना तो दिला, त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिला निरोप "चालत नाही" असाच आला. जवळजवळ प्रत्येक वेळी दोष त्या दीडशे ओळींत नव्हता, तर ध्वनीची लायब्ररी त्यांच्या संगणकावर नीट बसलेली नव्हती. तीच ती उत्तरे निरनिराळ्या लोकांना पाठवण्यापेक्षा सगळे एका ठिकाणी लिहावे, म्हणून हा धागा.

एक खुलासा आधीच करतो. येथे सर्व आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकायच्या आहेत.

ध्वनीची लायब्ररी म्हणजे एकच वस्तू नसते, तर तीन मजल्यांची इमारत असते. तळमजल्यावर कार्यप्रणालीची स्वतःची ध्वनियंत्रणा असते: मॅकवर कोअर ऑडिओ, लिनक्सवर अल्सा, आणि विंडोजवर एमएमई, डायरेक्टसाउंड, वासापी अशा एकाहून अधिक. पहिल्या मजल्यावर पोर्टऑडिओ ही सी भाषेतील लायब्ररी राहते. या तळमजल्यांचे रीतिरिवाज प्रत्येक कार्यप्रणालीत वेगळे असल्यामुळे सर्वांसाठी एकच दार असावे, या हेतूने रॉस बेन्सिना आणि फिल बर्क यांनी ती घडवली आणि २००१ साली हवाना येथील संगणक-संगीत परिषदेत तिच्यावर निबंध सादर केला. ऑडॅसिटी हा ध्वनिसंपादनाचा प्रोग्राम याच लायब्ररीवर चालतो. दुसऱ्या मजल्यावर पायथनचा पातळ थर असतो, आणि तेथे दोन पर्याय आहेत: जुना पायऑडिओ आणि साउंडडिव्हाइस.

वरच्या घराच्या भिंतीला ओल आली म्हणजे गळती त्याच घरात आहे असे नसते, हे सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको. येथेही तसेच आहे. एरर पायथनमध्ये दिसते, पण पाणी बहुधा खालच्या मजल्यावर मुरत असते.

माझी शिफारस साउंडडिव्हाइसची आहे, आणि तिचे कारण इन्स्टॉल करण्याच्या सोयीत आहे. विंडोज आणि मॅकवर "पिप इन्स्टॉल साउंडडिव्हाइस" असे म्हटले (पिप म्हणजे पायथनची पॅकेजे आणून बसवणारे साधन) की पोर्टऑडिओची तयार फाइल त्या पॅकेजसोबतच येते; वेगळे काही आणावे लागत नाही आणि कंपायलरचीही (सोर्सपासून चालणारी फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामची) गरज पडत नाही. लिनक्सवर मात्र पोर्टऑडिओ सोबत येत नाही, ती कार्यप्रणालीच्या पॅकेज-भांडारातून घ्यावी लागते. उबंटू किंवा डेबियनवर "सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबपोर्टऑडिओ२" एवढे पुरते. ते केले नाही तर प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीला "पोर्टऑडिओ लायब्ररी नॉट फाउंड" अशी एरर येते. आकड्यांच्या सारण्या हाताळायच्या असतील तर नमपायही बसवून घ्यावे.

इन्स्टॉल झाल्यावर कोणताही प्रोग्राम चालवण्याआधी "पायथन -एम साउंडडिव्हाइस" ही आज्ञा द्यावी (लिनक्स आणि मॅकवर पायथन३). ती लायब्ररीला दिसणाऱ्या सर्व ध्वनिउपकरणांची यादी दाखवते, साधारण अशी:

> १ मायक्रोफोन (यूएसबी ऑडिओ), एमएमई (२ इन, ० आउट)

ओळीच्या सुरुवातीची ">" ही खूण म्हणजे ते उपकरण ध्वनी घेण्यासाठी आपोआप निवडले जाते. उलट्या तोंडाची खूण ध्वनी ऐकवणाऱ्या उपकरणाला असते. मदत मागताना ही यादी जशीच्या तशी चिकटवावी, ही नम्र विनंती. "आवाज येत नाही" या वाक्यावरून कोणालाही काहीच सांगता येत नाही, पण या यादीवरून गळती कोणत्या मजल्यावर आहे ते बहुतेक वेळा कळते.

---

बिनतारी

अतिशय उपयुक्त धागा. माझ्याकडे उबंटू २४.०४ आहे. लिबपोर्टऑडिओ२ बसले, परंतु त्यानंतर पिपची आज्ञा दिली असता "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" असे लांबलचक लाल अक्षरांत सांगून तिने काम नाकारले. आंतरजालावर एका ठिकाणी "ब्रेक सिस्टिम पॅकेजेस" हा पर्याय जोडण्याचा सल्ला मिळाला, पण त्या पर्यायाचे नावच इतके भीतिदायक आहे की माझा हात धजावला नाही.

---

खर्ज

बिनतारी ताई, हात आवरलात ते उत्तम केलेत. उबंटूमधील बरीच अंतर्गत साधने पायथनवर चालतात. पिपने त्याच जागी आपली पॅकेजे ओतली तर कधीतरी दोघांची टक्कर होते. म्हणून उबंटूने २३.०४ पासून आणि डेबियनने १२व्या आवृत्तीपासून ते दार बंद केले आहे. आपल्या प्रोग्रामसाठी वेगळी खोली करावी: "पायथन३ -एम व्हेन्व्ह रियाज" या आज्ञेने "रियाज" नावाचा फोल्डर तयार होईल, मग "सोर्स रियाज/बिन/ॲक्टिव्हेट" म्हणून त्या खोलीत शिरावे आणि आत पिप नेहमीसारखे वापरावे. पहिली आज्ञा चालली नाही तर "पायथन३-व्हेन्व्ह" हे पॅकेज ॲप्टने आधी घ्यावे लागेल. टर्मिनल नव्याने उघडल्यावर दर वेळी खोलीत पुन्हा शिरावे लागते, हे बहुतेक जण विसरतात.

लक्षात घ्या, या खोलीत फक्त दुसरा मजला येतो. पोर्टऑडिओ खोलीबाहेर, सर्व प्रणालीसाठी एकदाच बसलेली असते, आणि ती पिपने आणता येत नाही.

---

बिनतारी

आभारी आहे, खोली तयार झाली आणि यादीही आली. आता दोन शंका. एक, पॅकेजच्या नावात कुठे "२" तर कुठे "१९" का दिसते? मी चुकीची, जुनी आवृत्ती तर घेतली नाही ना? दुसरी, यादी येण्याआधी "अल्सा लिब … अननोन पीसीएम" अशा दहा-बारा ओळी येतात, त्यांत "रिअर", "सेंटर एलएफई", "साइड" असे शब्द आहेत, आणि शेवटी जॅक सर्व्हर सुरू नसल्याची तक्रार आहे.

---

वेताळटेकडी

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो. पोर्टऑडिओची आवृत्ती १९ आहे, आणि ती बऱ्याच वर्षांपासून १९च आहे, तिच्यातील १९.७ हे प्रकाशन एप्रिल २०२१चे. "२" हा आकडा लिनक्सवरील लायब्ररी-फाइलच्या नावाच्या शेपटीतला आहे. म्हणून चालवण्यापुरत्या पॅकेजचे नाव "लिबपोर्टऑडिओ२" आणि कंपाइल करण्यासाठी लागणाऱ्या हेडर फाइलींच्या पॅकेजचे नाव "पोर्टऑडिओ१९-डेव्ह" असे विचित्र जोडपे झाले आहे. साउंडडिव्हाइसला पहिले पुरते. पायऑडिओला दुसरे लागते, कारण पिप लिनक्सवर पायऑडिओ तिथल्या तिथे कंपाइल करते आणि "पोर्टऑडिओ.एच" ही हेडर फाइल सापडली नाही की थांबते.

दुसरी शंका: त्या ओळींकडे दुर्लक्ष करावे. अल्साच्या संरचनेत पाच-सात स्पीकरच्या मांडणीसाठी जी नावे नोंदवलेली असतात, त्या प्रत्येकाचे दार पोर्टऑडिओ ठोठावून पाहते. तुमच्या संगणकाला मागचे स्पीकर नाहीत, म्हणून आतून "येथे कोणी राहत नाही" असे उत्तर येते, एवढाच त्याचा अर्थ. जॅक हा संगीत-निर्मितीसाठीचा वेगळा ध्वनिसर्व्हर आहे. तुम्ही तो वापरत नसाल तर तो सुरू नसणारच.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण तिच्यातून कोणाचा तरी रविवार वाचेल. मला सी भाषेत काम करायचे होते, म्हणून मी पोर्टऑडिओचा सोर्स उतरवून स्वतः कंपाइल केला. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, तिन्ही आज्ञा एकही एरर न देता पार पडल्या. माझा प्रोग्रामही कंपाइल झाला. चालवला तर उपकरणांची संख्या शून्य. ध्वनिकार्ड खराब आहे की काय, म्हणून मी दुसरे यूएसबी कार्ड जोडून पाहिले, तरी शून्य. सायंकाळी कंटाळून सर्व आज्ञा पुन्हा चालवल्या आणि तेव्हा प्रथमच कॉन्फिगरच्या शेवटी येणारा गोषवारा वाचला. त्यात एकाखाली एक ओळी होत्या: अल्सा … नो, ओएसएस (लिनक्सची जुनी ध्वनियंत्रणा) … येस, जॅक … नो.

कारण एवढेच, की "लिबअसाउंड२-डेव्ह" हे अल्साच्या हेडर फाइलींचे पॅकेज माझ्याकडे नव्हते. ते नसेल तर कॉन्फिगर तक्रार करीत नाही. ते मुकाट्याने अल्सा वगळून लायब्ररी बांधते. म्हणजे इमारतीचा पहिला मजला उभा राहिला, पण तळमजल्याकडे जाणारा जिनाच बांधलेला नव्हता. पॅकेज बसवले, "मेक क्लीन" करून सर्व पुन्हा बांधले, आणि यादी लगेच आली. त्यानंतर "लिबपोर्टऑडिओ उघडता येत नाही" अशी एक एरर आली, ती "सुडो एलडीकॉन्फिग" या आज्ञेने गेली, कारण स्वतः बांधलेली लायब्ररी यूएसआर/लोकल/लिबमध्ये जाते आणि लोडरला (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधणाऱ्या भागाला) तिची नोंद करून द्यावी लागते.

---

कऱ्हाकाठ

मॅकबद्दल लिहितो. माझ्याकडे ॲपलच्या स्वतःच्या चिपचा मॅकबुक आहे. खर्ज यांच्या सल्ल्याप्रमाणे साउंडडिव्हाइस वापरले असते तर एका ओळीत काम झाले असते, परंतु मला जो वाक्-अभिज्ञानाचा, म्हणजे बोललेले ओळखणारा, प्रोग्राम चालवायचा आहे, तो मायक्रोफोनसाठी पायऑडिओच मागतो. होमब्रू या मॅकवर पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने पोर्टऑडिओ बसवली ("ब्रू इन्स्टॉल पोर्टऑडिओ"), तरीही पायऑडिओ "पोर्टऑडिओ.एच सापडत नाही" असेच म्हणत राहिले. आश्चर्य असे, की माझ्या जुन्या इंटेल मॅकवर याच दोन आज्ञा विनातक्रार चालल्या होत्या.

याचे कारण शोधून काढले, ते येथे नोंदवतो. इंटेल मॅकवर होमब्रू आपले सामान यूएसआर/लोकलमध्ये ठेवते, आणि ॲपलचा कंपायलर त्या जागी न सांगता पाहतो. नव्या चिपच्या मॅकवर होमब्रूने आपले बिऱ्हाड ऑप्ट/होमब्रूमध्ये हलवले, पण कंपायलरला हा पत्ता ठाऊक नसतो. म्हणून पिपच्या आज्ञेआधी सीफ्लॅग्ज आणि एलडीफ्लॅग्ज या दोन चलांमध्ये अनुक्रमे "-आय ऑप्ट/होमब्रू/इन्क्लूड" आणि "-एल ऑप्ट/होमब्रू/लिब" हे पत्ते द्यावे लागतात (दोन्ही पत्त्यांच्या सुरुवातीला तिरपी रेघ विसरू नये). तेवढे केल्यावर पायऑडिओ एका मिनिटात बसले.

आता नवी अडचण. प्रोग्राम चालतो, एरर येत नाही, पण रेकॉर्ड केलेल्या फाइलमध्ये पूर्ण शांतता आहे. खोलीची कुजबुज, पंख्याची घरघर, काहीही नाही. आकडे छापून पाहिले तर सगळे निव्वळ शून्य.

---

खर्ज

निव्वळ शून्य ही फार मोलाची खूण आहे. खरा मायक्रोफोन कधीही निव्वळ शून्य देत नाही. बंद खोलीतही शेवटचे काही अंक थरथरत असतात. सगळे आकडे शून्य असतील तर कोणीतरी मध्ये दार लावून घेतले आहे असे समजावे.

मॅकवर २०१८च्या मोहावेपासून (१०.१४) मायक्रोफोनसाठी परवानगी लागते, आणि ती पायथनला नव्हे, तर ज्या ॲपमधून तुम्ही पायथन चालवता त्याला द्यायची असते. टर्मिनलमधून चालवत असाल तर टर्मिनलला, आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या आतल्या टर्मिनलमधून चालवत असाल तर व्हिज्युअल स्टुडिओ कोडला. सिस्टिम सेटिंग्जमध्ये गोपनीयता विभागात मायक्रोफोनची यादी उघडा, तेथे ते ॲप चालू करा आणि ते पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. परवानगी नसेल तर कोअर ऑडिओ एरर न देता शांतता पुरवते, म्हणून पोर्टऑडिओला काही बिनसल्याचा पत्ताच लागत नाही.

---

कऱ्हाकाठ

तंतोतंत तेच होते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडला परवानगी नव्हती आणि टर्मिनलला होती, म्हणून काल रात्री चालणारा प्रोग्राम आज सकाळी मुका झाला होता. मी मात्र आज सकाळी बदललेल्या ओळींमध्ये दोष शोधत बसलो होतो.

आणखी एक नोंद. माझ्या मित्राकडे नवा मॅक आहे, पण पायथन जुन्या इंटेल मॅकवरून स्थलांतरित झालेले, म्हणजे रोझेटामधून (नव्या चिपवर इंटेलचे प्रोग्राम चालवण्याच्या सोयीतून) चालणारे आहे. त्याला "इनकंपॅटिबल आर्किटेक्चर" अशी एरर येते, जिच्यात एआरएम ६४ आहे आणि एक्स ८६-६४ हवे असे लिहिलेले असते. त्यावर लायब्ररीशी झटापट करू नये. नव्या चिपसाठीचे पायथन नव्याने बसवावे.

---

ओलीसुकी

मी विंडोजवर आहे. इन्स्टॉल विनासायास झाले, पण यादी पाहून गोंधळले. माझ्या लॅपटॉपला एकच मायक्रोफोन आहे, तो यादीत चार वेळा दिसतो. पहिल्या वेळी त्याचे नाव अर्धवट तुटलेले आहे, कंसही बंद झालेला नाही. लायब्ररी बिघडलेली आहे का? काढून पुन्हा बसवू का? कार्यालयाचा लॅपटॉप आहे आणि त्यावर प्रशासकाचे अधिकार मला नाहीत, म्हणून उगाच काही काढायची भीती वाटते.

---

वेताळटेकडी

काहीही काढू नका, लायब्ररी अगदी ठणठणीत आहे. विंडोजचा तळमजला एक नसून अनेक आहे, आणि प्रत्येकाच्या वहीत त्याच मायक्रोफोनची स्वतंत्र नोंद असते: एमएमई, डायरेक्टसाउंड, वासापी आणि डब्ल्यूडीएम-केएस. एमएमई यांतली सर्वांत जुनी. तिच्या वहीत नावासाठी ३१ अक्षरांचीच जागा आहे, म्हणून लांब नाव तिथे मध्येच कापले जाते. यादीत प्रत्येक नावानंतर वहीचे नाव लिहिलेले असते, तेवढे पाहावे.

कोणती निवडावी, याबद्दल माझे मत असे. फक्त रेकॉर्ड करायचे असेल तर एमएमई पुरेशी आहे. ती मागाल त्या वेगाचे नमुने (नमुना म्हणजे आवाजाचे एक मोजमाप, वेग म्हणजे अशी मोजमापे सेकंदाला किती) निमूटपणे बदलून देते, पण विलंब जास्त लावते. सूर दाखवणारा प्रोग्राम असेल, तर गायल्यावर काटा लगेच हलायला हवा, म्हणून वासापी घ्यावी. व्यावसायिक ऑडिओ इंटरफेस असेल तर स्टाइनबर्गची असिओ हा आणखी एक रस्ता आहे. साउंडडिव्हाइससोबत असिओ असलेली पोर्टऑडिओची दुसरी फाइलही येते, पण ती वापरण्यासाठी "एसडी_एनेबल_असिओ" हे पर्यावरण-चल लायब्ररी आयात करण्याआधी १ करावे लागते. नंतर केल्यास उपयोग होत नाही.

प्रशासकाचे अधिकार नसले तरी हरकत नाही. पिप तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसवू शकते.

---

ओलीसुकी

वासापीचा मायक्रोफोन निवडला. लगेच "इनव्हॅलिड सॅम्पल रेट" आणि उणे ९९९७ असा आकडा आला. प्रोग्राममध्ये ४४१०० लिहिले होते, ते बदलून ४८००० केले आणि काटा हलू लागला. फार आनंद झाला होता, पण तो टिकला नाही. पेटीवर काळी एक दाबली की प्रोग्राम १२७ हर्ट्झच्या आसपास दाखवतो आणि सूर पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या मधोमध कुठेतरी लटकलेला असतो. एमएमईवर होते तेव्हा हीच काळी एक बरोबर दिसत होती. पेटी गेल्याच महिन्यात जुळवून आणली आहे. म्हणजे वासापी आवाज बदलते का?

---

खर्ज

ओलीसुकी ताई, पेटी बरोबर आहे आणि वासापीही निर्दोष आहे. दोष माझा आहे, आणि तो कबूल करताना मला थोडी लाजच वाटते आहे.

मंद्र सप्तकातली काळी एक १३८.५९ हर्ट्झची असते. १३८.५९ला ४४१००ने गुणून ४८०००ने भागा: १२७.३ येते. आपल्याला दिसणारा आकडा तोच आहे. तेवढ्या फरकाने सूर जवळपास दीड अर्धस्वर खाली उतरतो, म्हणून तो पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या मधोमध लटकतो.

घडले असे. माझ्या प्रोग्राममध्ये ४४१०० हा आकडा दोन ठिकाणी लिहिलेला आहे, मायक्रोफोन उघडताना एकदा आणि सुराची वारंवारता काढताना एकदा. आपण पहिला बदललात, दुसरा तसाच राहिला. ध्वनिकार्ड सेकंदाला ४८००० नमुने देत होते आणि माझे गणित ते ४४१०० आहेत असे धरून चालले होते. एमएमई स्वतः रूपांतर करून देत असल्यामुळे माझी ही चूक इतके दिवस झाकली गेली. वासापी सामाईक पद्धतीने वापरताना विंडोजच्या ध्वनिसेटिंगमध्ये जो वेग ठरवलेला असेल तोच साधारणपणे मागते, आणि दुसरा वेग मागितला की उणे ९९९७ देते. म्हणजे तिने ही चूक उघडकीला आणली.

आकडा लिहूच नये, हा त्यावरचा खरा उपाय. "क्वेरी डिव्हाइसेस" हे फंक्शन निवडलेल्या उपकरणाचा "डिफॉल्ट सॅम्पलरेट" सांगते. तो एकदा घेऊन दोन्हीकडे वापरावा. मी प्रोग्राम तसा सुधारून पाठवतो.

याच निमित्ताने आणखी काही उणे आकडे. उणे ९९९८ म्हणजे मागितले तेवढे चॅनेल उपकरणाकडे नाहीत. एकाच चॅनेलच्या मायक्रोफोनकडे दोन चॅनेल मागितले की हा येतो. उणे ९९९६ म्हणजे उपकरणच सापडले नाही. उणे ९९८५ म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहे; लिनक्सवर पाइपवायर हा ध्वनिसर्व्हर कार्ड धरून बसलेला असताना तुम्ही अल्साचे "एचडब्ल्यू" उपकरण थेट उघडू पाहिलेत की असे होते, आणि तेव्हा यादीतील "डिफॉल्ट" हे उपकरण घ्यावे. उणे ९९८१ला घाबरू नये: आवाज आला, पण तुमचा प्रोग्राम तो वेळेवर उचलू शकला नाही, म्हणून थोडा सांडला.

---

ओलीसुकी

सुधारित प्रोग्राममध्ये काळी एक १३८.४ ते १३८.८च्या दरम्यान दिसते आहे. पेटी जुळवणाऱ्यांना मी मनातल्या मनात बोल लावले होते, ते मागे घेते.

एक शंका उरली. ब्लूटूथचे हेडफोन लावले की आवाज एकदम जुन्या टेलिफोनवरून आल्यासारखा होतो, तानपुरा तर ऐकवतच नाही. हेही वेगाचेच प्रकरण का?

---

वेताळटेकडी

होय, पण येथे पोर्टऑडिओचा काही संबंध नाही. ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोन उघडला गेला की तो हेडफोन बहुधा गाणी ऐकण्याची पद्धत सोडून फोनवर बोलण्याच्या पद्धतीत जातो, आणि त्या पद्धतीत सहसा ८००० किंवा १६००० नमुन्यांचाच वेग असतो. मायक्रोफोन लॅपटॉपचा निवडा आणि हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवा. रियाजासाठी तारेचे हेडफोन बरे. ब्लूटूथचा विलंब तसाही सुराच्या मागे रेंगाळतो.

---

नीरेपलीकडे

मी विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याच्या सोयीत) उबंटू वापरतो. धाग्यातील लिनक्सच्या सर्व पायऱ्या केल्या, तरी यादी रिकामी येते. माझा भाऊ गूगल कोलॅबमध्ये तोच प्रोग्राम चालवतो, त्याचीही रिकामीच.

---

वेताळटेकडी

दोघांच्या रिकाम्या यादीची कारणे वेगळी आहेत. कोलॅबमधील पायथन गूगलच्या एखाद्या दूरच्या यंत्रावर चालते. त्या यंत्राला ध्वनिकार्ड नाही, आणि भावाच्या टेबलावरचा मायक्रोफोन त्याला दिसण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे आधी रेकॉर्ड केलेली फाइल चढवूनच काम करावे.

डब्ल्यूएसएलमध्ये अल्साला खरे कार्ड दिसत नाही. ध्वनी पल्सऑडिओ या ध्वनिसर्व्हरच्या वाटेने विंडोजकडे जातो, आणि अल्साला त्या वाटेवर वळवण्यासाठी "लिबअसाउंड२-प्लगिन्स" हे पॅकेज आणि घरच्या फोल्डरमध्ये "डॉट असाउंडआरसी" ही छोटी फाइल लागते. मी ते करून पाहिले आहे. चालते, पण विलंब त्रासदायक असतो. तुमच्याकडे मुळात विंडोज आहेच, तर ध्वनीपुरते विंडोजचे पायथन वापरा.

---

नीरेपलीकडे

विंडोजच्या पायथनमध्ये पाच मिनिटांत झाले. डब्ल्यूएसएलवर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या.

---

बिनतारी

खर्ज साहेब, पुन्हा मीच. आमच्या गायनवर्गात सर्वांना दिसेल असा हा काटा भिंतीवर लावायचा आहे, म्हणून रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक घेतला. डेबियनवरच आधारलेली प्रणाली असल्यामुळे इन्स्टॉल वर सांगितल्याप्रमाणेच झाले. पायला मायक्रोफोनसाठी जागा नाही हे मात्र घेतल्यावर समजले, तेव्हा यूएसबी मायक्रोफोन आणला. तो यादीत दुसऱ्या क्रमांकावर होता, म्हणून प्रोग्राममध्ये उपकरण क्रमांक २ लिहिला. सोमवारी सर्व ठीक चालले. बुधवारी वर्ग सुरू झाला आणि काटा हलेना. यादी पाहिली तर तोच मायक्रोफोन आता पहिल्या क्रमांकावर. मुले हसली, मी तात्पुरता आकडा बदलून वेळ निभावून नेली.

---

खर्ज

यादीतील क्रमांक कायमचे नसतात. यंत्र सुरू होताना कोणते उपकरण आधी जागे झाले, मध्ये एचडीएमआयचा पडदा जोडला की काढला, यावर ते बदलतात. क्रमांकाऐवजी नावाचा तुकडा द्यावा: उपकरणाच्या जागी अवतरणचिन्हांत "यूएसबी" एवढेच लिहिलेत तरी साउंडडिव्हाइस ज्याच्या नावात ते अक्षरसमूह आहेत ते उपकरण शोधते. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक ती करीत नाही. मात्र त्या तुकड्याला एकाहून अधिक उपकरणे जुळली तर ती एरर देते, आणि तेव्हा तुकडा थोडा लांबवावा.

आणखी एक गोष्ट भिंतीवरच्या यंत्राला लागू पडेल. पोर्टऑडिओ उपकरणांची यादी सुरू होताना एकदाच बनवते. प्रोग्राम चालू झाल्यानंतर मायक्रोफोन जोडलात तर तो तिला दिसत नाही. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. म्हणून आधी मायक्रोफोन, मग पायची वीज.

---

बिनतारी

"यूएसबी" लिहिल्यावर दोन जुळली, कारण आमच्या स्पीकरच्या नावातही यूएसबी आहे. "यूएसबी पीएनपी" असे लांबवले आणि आता शुक्रवारपासून यंत्र चार वेळा बंद-चालू करूनही काटा बरोबर मायक्रोफोनवरच आहे. मायक्रोफोनच्या तारेवर मात्र "आधी हा जोडा" अशी चिठ्ठी चिकटवली आहे, कारण वर्गाची किल्ली माझ्याशिवाय तिघांकडे असते.